एका सरोवराचे वाटेकरी

अमेरिकी फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स या दोन संघांबद्दल मराठीत लिहायचं झालं, की लेखणी ‘हाडवैर’ या शब्दाकडे वळते. शब्द जोरकस आहे, मथळ्यात चांगला दिसतो. पण या दोन संघांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जे शब्द साचले आहेत ते एकेक करून तपासले, तेव्हा तो इथे चुकीचा आहे असं माझं ठाम मत झालं. त्याच्या जागी कुठला शब्द हवा हेही त्या तपासणीतूनच हाती लागलं.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. समोरच्या धिप्पाड माणसांची फळी फोडून तो पुढे न्यायचा आणि त्यांनी अंगावर झेपावून अडवायचं, असा हा अंगमेहनतीचा खेळ. बेअर्स आणि पॅकर्स यांची पहिली गाठ पडली २७ नोव्हेंबर १९२१ रोजी, शिकागोत. त्यानंतर ते दोनशेहून अधिक वेळा एकमेकांसमोर आले. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दुसरी कुठलीही जोडी इतक्या वेळा भिडलेली नाही.

इंग्रजीत या नात्याला ‘रायव्हलरी’ म्हणतात. ‘रायव्हल’च्या मुळाशी लॅटिन ‘रीव्हालिस’ आहे आणि त्याच्याही मुळाशी ‘रीव्हुस’, म्हणजे ओढा किंवा पाट. एकाच पाटाचं पाणी आपापल्या शेताला घेणारे शेजारी ते रीव्हालिस. रोमन कायद्याच्या ग्रंथांत हा शब्द याच सरळ अर्थाने येतो. पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्यांत तंटे होणार हे शेती करणाऱ्या कुठल्याही समाजाला माहीत असतं. पुढे लॅटिन नाटककारांनी तो शब्द एकाच स्त्रीवर जीव जडलेल्या दोन पुरुषांना लावला आणि त्या वाटेने तो इंग्रजीत पोचला. ‘रिव्हर’शी मात्र त्याचं नातं नाही, कारण ‘रिव्हर’ हा ‘काठ’ या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दावरून आला. खरं नातं आहे ते ‘डेरिव्हेशन’शी. व्युत्पत्तीसाठी इंग्रजीत रूढ असलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ओढ्यातून पाणी वळवून काढणं असा होतो.

संस्कृतने हीच गोष्ट घरातून उचलली. शत्रूसाठी तिथे ‘सपत्न’ असा शब्द आहे आणि तो ‘सपत्नी’वरून, म्हणजे सवतीवरून घडला आहे. आपली ‘सवत’सुद्धा त्या सपत्नीचंच रूप. तिकडे पाणी एक, इकडे नवरा एक. दोन्ही भाषांना एकच गोष्ट दिसली होती की ज्याच्याशी काही वाटून घ्यावं लागतं, त्याच्याशीच खरी चुरस लागते.

ग्रीन बे हे गाव मिशिगन सरोवराच्या एका लांबोळक्या फाट्याच्या टोकाशी वसलं आहे आणि शिकागो त्याच सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर. दोहोंत अंतर साधारण सव्वातीनशे किलोमीटर. तेव्हा रोमन शेतकऱ्याच्या अर्थानेही हे दोघे रायव्हलच ठरतात.

आता संघांची नावं. या सगळ्या प्रकरणात शब्दांच्या दृष्टीने श्रीमंत मुलूख तोच आहे.

१९१९च्या ऑगस्टमध्ये ग्रीन बेत कर्ली लॅम्बो आणि पत्रकार जॉर्ज कॅल्हून यांनी संघ उभा केला. लॅम्बो तेव्हा इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. कंपनीने गणवेशांसाठी पैसे दिले, सरावाला जागा दिली, आणि संघाला ‘पॅकर्स’ हे नाव चिकटलं. ‘पॅक’ हा शब्द बहुधा लोकरीच्या व्यापाराबरोबर डच-फ्लेमिश प्रदेशातून मध्ययुगीन इंग्लंडात आला. अर्थ साधा, गठ्ठा किंवा गासडी. अमेरिकेत त्याला नवा धंदा मिळाला. डुकराचं मांस मीठ लावून पिंपात ठासून भरणं म्हणजे ‘पॅकिंग’ आणि हा व्यापार करणारा तो ‘पॅकर’. नंतर बर्फाने गार ठेवलेले रेल्वेचे डबे आले, पिंपं मागे पडली, जनावर कापण्यापासून माल धाडण्यापर्यंतची सारी कामं एका छताखाली होऊ लागली. शब्द मात्र पिंपाच्या काळातलाच टिकला.

१९२१ सालच्या अमेरिकी माणसासमोर ‘पॅकर्स’ म्हटल्यावर ग्रीन बे येत नसे. त्याच्यासमोर शिकागो येई. आर्मर, स्विफ्ट यांच्यासारख्या बलाढ्य मांस कंपन्यांचं ते शहर. १८६५ साली सुरू झालेला तिथला युनियन स्टॉक यार्ड हा जनावरांचा अवाढव्य बाजार १९७१पर्यंत चालला. अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही १९०६ची कादंबरी त्याच कत्तलखान्यांतल्या मजुरांची. या कंपन्यांची मक्तेदारी रोखण्यासाठी अमेरिकी सरकारने जो कायदा केला त्याच्या नावातच हा शब्द आहे: पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स अ‍ॅक्ट. तो मंजूर झाला ऑगस्ट १९२१मध्ये, आणि ग्रीन बेचा संघ व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला तोही त्याच महिन्यात. शब्दाच्या हिशेबाने पाहिलं तर पॅकर्स हे नाव शिकागोचं होतं आणि ते गेलं ग्रीन बेला.

अस्वलाचंही असंच झालं. काळी अस्वलं आजही विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या रानांत हजारोंनी आहेत, आणि ग्रीन बे हे विस्कॉन्सिनचं गाव. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या सपाट मुलखातून अस्वल एकोणिसाव्या शतकातच नाहीसं झालं होतं. तरी ‘बेअर्स’ झाले ते शिकागोचे. कसे, ते पाहण्यासाठी आधी इलिनॉयमधल्याच डिकेटर या गावी जायला हवं. तिथे ए. ई. स्टेली यांची मक्यापासून खळ तयार करणारी मोठी कंपनी होती. कंपनीचा फुटबॉल संघ सांभाळायला १९२० साली जॉर्ज हॅलस या तरुणाला नोकरीवर घेतलं गेलं. संघाचं नाव डिकेटर स्टेलीज. खळीसाठी इंग्रजीत असलेला ‘स्टार्च’ हा शब्द ताठ, कणखर या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूचा आहे, आणि जर्मन भाषेत ताकद आणि खळ या दोहोंना आजही एकच शब्द पुरतो. खेळाडू कारखान्यात काम करत आणि सराव करत. पुढच्याच वर्षी स्टेली यांनी संघ हॅलस यांच्या हवाली केला. तो शिकागोला न्यावा, आणखी एक हंगाम कंपनीचं नाव चालवावं, यासाठी ५,००० डॉलरही दिले. म्हणूनच १९२१च्या त्या पहिल्या सामन्यात पॅकर्स हरले ते स्टेलीजकडून, २०-०.

हंगाम संपला, करार फिटला, नाव मोकळं झालं. संघ खेळत होता तो बेसबॉलच्या ‘कब्ज’ संघाच्या मैदानावर. कब म्हणजे पिल्लू, आणि या नावात अस्वलाचं. फुटबॉलचे खेळाडू बेसबॉलवाल्यांपेक्षा दांडगे असतात, तेव्हा ते पिल्लं असतील तर आपण पुरती वाढलेली अस्वलं, असा विचार करून हॅलस यांनी १९२२मध्ये ‘बेअर्स’ हे नाव घेतलं. योगायोग असा की पहिल्या सामन्यात मैदानावर एक ‘कब’ खरोखर होता, पण तो ग्रीन बेकडून खेळत होता: हॉवर्ड बक, टोपणनाव कब. स्टेलीजच्या टेलर या खेळाडूने गुद्दा घालून त्याचं नाक फोडलं. टेलरचं टोपणनाव होतं टार्झन.

‘बेअर’ या शब्दाची स्वतःची गोष्ट फार जुनी आहे. युरोप-आशियातल्या आपल्या भाषाकुळात अस्वलाचं मूळ नाव होतं ते संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणून राहिलं, ग्रीकमध्ये ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमध्ये ‘उर्सुस’ झालं. रामायणातला जांबवान ऋक्षराज आहे तो याच शब्दाने. सप्तर्षींच्या ताऱ्यांना ऋग्वेदात ऋक्ष म्हटलं आहे, आणि युरोपातही तो तारकासमूह मोठी अस्वलीण म्हणूनच ओळखला जातो. हिंदीतला ‘रीछ’ आणि जुन्या मराठीतली ‘रीस’ ही ऋक्षाचीच रूपं. आपलं ‘अस्वल’ ‘अच्छभल्ल’ या शब्दापासून आलेलं. उत्तर युरोपातल्या लोकांनी मात्र हे मूळ नाव टाकून दिलं. नाव घेतलं तर जनावर येईल ही भीती, जशी आपल्याकडे रात्री सापाचं नाव न घेता त्याला लांबडं म्हणण्याची रीत. म्हणून जर्मानिक लोक अस्वलाला नुसतं ‘तपकिरी’ म्हणू लागले आणि तोच ‘बेअर’. स्लाव लोकांनी त्याला ‘मध खाणारा’ म्हटलं. ज्याचं नाव ओठांवर आणायला माणसं घाबरत होती, त्याच्यासाठी योजलेला आडशब्द आज शिकागोत हजारो माणसं एका सुरात ओरडतात.

कंपनीचं नाव शिकागोने सोडलं आणि ग्रीन बेने जपलं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. इंडियन पॅकिंग कंपनी लवकरच अ‍ॅक्मी पॅकिंग या दुसऱ्या कंपनीत विरली आणि तिचाही संघाशी संबंध उरला नाही. १९२२ साली ‘ब्लूज’ हे नाव लावून पाहिलं गेलं, पण गावाने ‘पॅकर्स’ म्हणणं सोडलं नाही. १९२३मध्ये गावकऱ्यांनी समभाग घेऊन संघ स्वतःच्या मालकीचा केला. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, समभाग बाजारात विकताही येत नाही. या लीगमध्ये एखाद्या मालकाऐवजी लोकांच्या हाती असलेला हा एकमेव संघ. डबाबंद मांसाची कंपनी कधीच गेली, पण तिच्या कामगारांचं नाव सुमारे एक लाख वस्तीच्या गावाने एनएफएलमध्ये टिकवून धरलं. खेळांच्या इतिहासात श्रमाचा इतका उघड उल्लेख असलेली नावं फार थोडी आहेत.

शहरांची नावंही पाहू, कारण दोन्हींच्या पोटात वास आहे. शिकागो हे मायामी-इलिनॉय या मूळनिवासींच्या भाषेतल्या ‘शिकाक्वा’चं फ्रेंच लेखण्यांतून उतरलेलं रूप. अर्थ, नदीकाठी उगवणारी उग्र वासाची रानलसूण. त्याच शब्दाने स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचाही बोध होतो. ग्रीन बेला सतराव्या शतकातले फ्रेंच ‘बे दे प्युआं’ म्हणत, म्हणजे दुर्गंधी लोकांचा उपसागर. तिथल्या हो-चंक लोकांना शेजारच्या जमाती वास मारणाऱ्या पाण्याकाठचे लोक म्हणत. फ्रेंचांनी पाणी गाळलं आणि वास माणसांना चिकटवला. हो-चंक स्वतःला म्हणवतात ते नाव ‘मोठ्या आवाजाचे लोक’ अशा अर्थाचं आहे. पुढे हिरवट पाण्यावरून हिरवा उपसागर हे नाव रूढ झालं आणि इंग्रजीत ग्रीन बे झालं. परक्यांनी दिलेलं नाव नकाशावर राहतं आणि माणसांचं स्वतःचं नाव त्यांच्यापुरतं उरतं, हे अमेरिकेत पुन्हा पुन्हा दिसतं आणि प्रत्येक वेळी खटकतं.

संस्थापकांची आडनावंही अर्थवाही आहेत. हॅलस यांचे आईवडील बोहेमियातून आलेले. चेक भाषेत ‘हलस’ म्हणजे कल्ला, गलका. लॅम्बो यांचं घराणं बेल्जियमचं. फ्रेंचमध्ये ‘लांबो’ म्हणजे चिंधी, फाटका तुकडा. पॅकर्सच्या मैदानालाही हेच आडनाव आहे; त्याचा हा कोशातला अर्थ ग्रीन बेतल्या किती जणांना ठाऊक असेल!

चाहत्यांनी एकमेकांना दिलेले शब्द मी थोडक्यात सांगतो. विस्कॉन्सिनचे लोक इलिनॉयवाल्यांना ‘फ्लॅटलँडर’ म्हणतात, सपाटीवरचे. इलिनॉयवाले विस्कॉन्सिनच्या दूधदुभत्यावरून तिथल्या लोकांना ‘चीजहेड’ म्हणत, चीज भरलेल्या डोक्याचे. ही शिवी होती. १९८७ साली राल्फ ब्रूनो यांनी सोफ्यातला फोम कापून चीजच्या तुकड्यासारखी टोपी बनवली आणि बेसबॉलच्या सामन्याला घालून गेले. शिवी डोक्यावर चढली ती मिरवण्यासाठी. या टोप्या बनवणारी कंपनी २०२३ साली पॅकर्सनेच विकत घेतली. शिकागोकडचं बिरुद मात्र उसनं आहे. ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ हे आधी शिकागो विद्यापीठाच्या संघाचं. विद्यापीठालगतचा मिडवे हा पट्टा १८९३च्या जागतिक प्रदर्शनात करमणुकीच्या खेळांनी गाजला होता. विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले तीही त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. १९३९मध्ये विद्यापीठाने फुटबॉल सोडला आणि बेवारस झालेलं बिरुद बेअर्सनी उचललं. १९४०च्या अंतिम सामन्यात त्यांनी वॉशिंग्टनला ७३-० असं हरवलं, तेव्हा ते त्यांना शोभलंही.

एक चिन्हही या शब्दसंग्रहात धरायला हवं. ५ नोव्हेंबर १९८९ला शेवटच्या क्षणी पॅकर्सचा एक पास आधी अवैध ठरला. मग टीव्हीवरचं चित्रण तपासून पंचांनी निर्णय फिरवला आणि बेअर्स १४-१३ असे हरले. नंतर कित्येक वर्षं बेअर्सच्या माहितीपुस्तिकेत त्या निकालापुढे तारांकित खूण छापली जाई. ‘अ‍ॅस्टेरिस्क’ म्हणजे ग्रीकमध्ये छोटा तारा. एवढ्या टिकलीत एका शहराचा रुसवा मावला होता.

आणि शेवटचा इंग्रजी शब्द, ‘ओन’. १७ ऑक्टोबर २०२१ रोजी पॅकर्सचा आरोन रॉजर्स शिकागोच्या मैदानावर स्वतः चेंडू घेऊन धावला, टचडाउन करून गुण मिळवले आणि प्रेक्षकांकडे तोंड करून ओरडला की तुमचा मालक अजून मीच आहे. खेळाच्या बोलीत ‘ओन’ म्हणजे एखाद्याला कायम हरवत राहणं. पण मालकी हा शब्द याच दोन संघांमध्ये उच्चारला जावा याला वजन आहे. रॉजर्सच्या संघाला एकटा मालक नाही. समोरचा संघ शतकभर एका घराण्याचा: १९८३मध्ये हॅलस गेले, पुढे त्यांची कन्या व्हर्जिनिया मॅकॅस्की यांनी तो सांभाळला, २०२५ साली १०२व्या वर्षी त्यांचं निधन होईपर्यंत. ‘ओन’ आणि देणं लागणे या अर्थाचा ‘ओ’ हे दोन इंग्रजी शब्द एकाच मुळाचे. जवळ असणं आणि ऋणी असणं यांत जुनी इंग्रजी फार अंतर ठेवत नव्हती. त्याहून मागे गेलं, की त्याच धातूपाशी संस्कृत ‘ईश्’ भेटतो, सत्ता असणं, स्वामी असणं, ज्याच्यापासून ईश आणि ईश्वर आले.

आता हाडवैराकडे वळतो. त्या शब्दाच्या बाजूने पुरावा नाही असं नाही. फुटलेलं नाक सांगून झालं. १९२४मध्ये या दोन संघांतल्या दोन खेळाडूंना मारामारीबद्दल बाहेर काढलं गेलं, एनएफएलमध्ये तसं प्रथमच घडलं. १९८६मध्ये पॅकर्सच्या चार्ल्स मार्टिनने डाव थांबल्यानंतर बेअर्सच्या जिम मॅकमॅहनला उचलून जमिनीवर आपटलं आणि त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. हे खेळात मोडत नाही.

पण १९५६ साल पाहा. ग्रीन बेचं जुनं मैदान लहान पडत होतं. मोठं बांधलं नाही तर इतक्या छोट्या गावाला लीगमध्ये राहणं अवघड होतं. कर्जरोख्यांसाठी गावात मतदान ठरलं. त्या वेळी हॅलस स्वतः ग्रीन बेला गेले आणि सभेत उभं राहून तिथल्या लोकांना सांगितलं की मैदान बांधा. गावाने मंजुरी दिली. २९ सप्टेंबर १९५७ला नव्या मैदानाचं उद्घाटन झालं, पाहुणा संघ होता बेअर्स, आणि पॅकर्स २१-१७ असे जिंकले. लॅम्बो १९६५मध्ये वारले तेव्हा त्याच मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं. हॅलस यांचा त्यात स्वार्थही होताच. या सामन्यांना गर्दी व्हायची आणि लीग टिकली तरच बेअर्सही टिकणार होते. पण हाडवैरी समोरच्याचं घर बांधायला जात नाही. वाटेकरी जातो.

मराठीत यासाठी शब्द आहे: भाऊबंदकी. भाऊबंद म्हणजे एका कुळातले, एका वतनाचे वाटेकरी. भाऊबंदकी म्हणजे त्यांचं नातं, आणि तोच शब्द त्यांच्या तंट्यालाही. नातं आणि तंटा वेगळे काढता येत नाहीत हे या शब्दाने गृहीतच धरलं आहे. तो मवाळही नाही. खाडिलकरांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनावर नाटक लिहिलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं होतं. नाक फोडणं आणि घर बांधायला जाणं दोन्ही त्यात मावतं. एका सरोवराच्या काठी, दोन कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेल्या या संघांचं नातं ‘प्रतिस्पर्धी’ने कोरडं होतं आणि ‘हाडवैरी’ने खोटं. मराठी क्रीडापानांनी इथे बेधडक भाऊबंदकी लिहावं.

शिकागो आणि विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या परिसरात मराठी कुटुंबं आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आहेत. या सामन्यांच्या दिवशी त्यांच्या घरात जे मराठी शब्द बोलले जातात, टचडाउनला, हरण्याला, समोरच्या संघाला उद्देशून, ते त्यांनी टिपून ठेवावेत आणि कळवावेत. कोशात जायला ते नक्कीच योग्य असतील.